तिसऱ्या कॉम्प्युटरची खुर्ची

लोहारा, यवतमाळ

प्रिय पायल,

जयभीम. फोनवर तू आईशी अर्धा तास बोलतेस आणि मला 'तब्येत बरी ना' एवढं विचारून ठेवून देतेस. जूनपासून हेच चाललं आहे. म्हणून पत्र लिहायला बसलो.

इकडची खबर अशी, की कापसाला भाव नाही, निम्म्या जिनिंग बंद आहेत. जिनिंगच बंद तर तिचं मशीन बिघडणार कसं? आमच्या वर्कशॉपला आठवड्यातून तीनच दिवस काम असतं. तीस वर्षं फिटर असलेला माणूस घरी बसला की काय करतो, ते आईला विचार. मी कुकरची शिटी खोलली, मग शिवणमशीन खोललं. पंख्याकडे बघायला लागलो तेव्हा तिनं मला घराबाहेर काढलं.

मग मी ऑटोकॅडचा, कॉम्प्युटरवर मशीनची ड्रॉइंग काढायचा क्लास शोधत यवतमाळभर फिरलो. हसू नकोस. पहिल्या ठिकाणी मला आधी मराठी टायपिंग करून यायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ड्रॉइंग म्हटल्याबरोबर त्या माणसानं बसवलं, चहा पाजला आणि कॉम्प्युटरवर बुद्धाच्या चित्राची लग्नपत्रिका काढून नवरदेवाचं नाव विचारलं. मी म्हटलं, मला शाफ्ट काढायचा आहे. तो म्हणाला, तोही टाकू कोपऱ्यात.

तिसरा क्लास खरा निघाला. बसस्टँडजवळ, चपलांच्या दुकानाच्या वर. कॉम्प्युटर चार, आणि शिकवणाऱ्या वैष्णवी मॅडम तुझ्याच वयाच्या. शेजारी गॅरेजवाल्यांचा साजिद बसतो. पहिल्या दिवशी मी माउस असा धरला, की तो म्हणाला, "काका, त्याले आवळू नका, तो नट नाही." तिसऱ्या दिवशी दोन तास खपून काढलेलं ड्रॉइंग लोडशेडिंगमध्ये गेलं, कारण मी ते सेव्ह केलं नव्हतं. आपलं लोखंड बरं, लाइट गेली तरी जागेवर राहतं.

खरी फजिती शाफ्टची झाली. आम्ही मिस्त्री लोक सुतात मोजतो, आठ सुतांचा एक इंच. रोलरचा शाफ्ट तीन इंची, म्हणून मी बिनधास्त चोवीस लिहिलं. कॉम्प्युटरनं ते मिलिमीटर धरले आणि मनगटाएवढा शाफ्ट अंगठ्याएवढा काढून ठेवला. सगळा क्लास हसला, मीही हसलो. पण घरी येताना मला मे महिन्यातला दिवस आठवला. तू वर्कशॉपमध्ये येऊन ऑटोकॅडचाच क्लास लावायचा म्हणालीस, आणि मी सगळ्या कारागिरांसमोर म्हटलं, "माप मिस्त्रीच्या बोटात राह्यते पोरी, टीव्हीत नाही." सगळे हसले. तू डिप्लोमाची फाइल उचलून निघून गेलीस, आणि आठ दिवसांत नागपूरला मावशीकडे राहून साड्यांच्या दुकानात लागलीस. मेकॅनिकल शिकलेली माझी पोरगी साड्यांच्या घड्या घालते, ती माझ्यामुळे. मी चुकलो, पायल. फार चुकलो.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. क्लासच्या रजिस्टरमध्ये नाव माझं नाही, तुझं आहे. जागा चारच आणि विचारायला येणारी मुलं रोज. पहिल्या दिवशी मी एसटीत टाकतो तसा तिसऱ्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर खांद्यावरचा दुपट्टा टाकला आणि निघालो. जिन्यापर्यंत पोचलो नाही तोच मॅडमनी हाक मारली, की इथं दुपट्ट्यानं जागा राहत नाही, माणूस बसावा लागतो. म्हणून मी बसलो. आज अकरा दिवस तुझ्या खुर्चीवर बसतो आहे. सोमवारपासून ज्याचं नाव त्यानंच यायचं, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला, असं त्यांनी बजावलं आहे. आमच्या मालकांना प्रत्येक ड्रॉइंग नागपूरहून काढून आणावं लागतं. इथं कोणी शिकून तयार झालं तर ते कामावर घेतील, मी विचारून ठेवलं आहे. तू रविवारच्या गाडीनं ये, मी स्टँडवर उभा राहीन. आणि वर्कशॉपमध्ये यायला लाजू नकोस. ज्यांच्यासमोर मी तुला हसलो, त्या सगळ्यांना काल चहा पाजला आणि सांगितलं, की माझी पोरगी बरोबर होती.

तुझाच,
बाबा