आई मेळाव्याला आली त्याची हकीकत

झोंबा,
रविवार, दुपार

ती. एलुबेताईस,

धाकट्या लायसनचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे मनातल्या मनात टेकले आहेत. प्रत्यक्ष टेकले की उठताना खुर्चीला धरावं लागतं, आणि खुर्चीत सध्या आई असते.) तुम्ही सगळे तिकडे मुझुझूला सुखरूप असाल. भाओजींचा खोकला कसा आहे? आई म्हणते, तीन आठवड्यांवर गेला असेल तर मध-आलं पुरे झालं, छातीचा फोटो काढा. मी म्हटलं, ताईनं मागच्या महिन्यातच कळवलंय की बरा झाला. ती म्हणाली, "कळवलंय कुणी? बायकोनं. खोकणाऱ्यानं नाही." तेव्हा भाओजींनी स्वतः कळवावं. इकडे जुलैची थंडी फार आहे. डोंगरावरून धुकं उतरतं ते दुपारपर्यंत हलत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि गेल्या आठवड्यापासून मी ग्रंथालयात एक काळा आणि एक करडा मोजा घालून जातो. ग्रंथालयात कुणी खाली बघत नाही, हे एक बरं.

हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं तू विचारशील. फोनवर बोलायला लागलो की आई शेजारी असते. तिच्या कमरेचं हाड मोडलंय, कान शाबूत आहेत.

तर ताई, मार्चमध्ये तू मला 'आईवडिलांना सांभाळणाऱ्यांनी आनंदी व निरोगी राहण्याचे दहा उपाय' पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "कर. नुसतं वाचू नकोस." पुस्तकांत नोकरी करणाऱ्या माणसाला असं म्हणणं म्हणजे सुताराला 'नुसतं तासू नकोस' म्हणण्यासारखं आहे. पण तू मोठी, म्हणून केले. त्याचा हा अहवाल.

आधी आईची स्थिती सांगतो. फेब्रुवारीत तू आलीस तेव्हा ती इस्पितळात होती आणि तिथल्या नर्सना चादरीचे कोपरे कसे खोचायचे ते शिकवत होती, म्हणून तू निर्धास्त परत गेलीस. घरी आणल्यावर मात्र ती विझलीच. एकेचाळीस वर्षं बाळंतिणींचा वॉर्ड चालवलेली बाई (सिस्टर एनेलेसी दिसल्या की इथं अजूनही लोक सायकलवरून उतरतात), ती भिंतीकडे तोंड करून पडली. तिच्याजवळ तीनच शब्द उरले होते: नको, ठेव आणि बघू. 'बघू' म्हणजे नको, आणि 'ठेव' म्हणजे तू गेल्यावर नको. डॉक्टर म्हणाले होते, काठी घेऊन रोज चालायचं. काठी कोपऱ्यात उभी आणि आई खाटेवर आडवी. घरात सर्वांत ताठ काठीच होती.

अशा वातावरणात मी आनंदी राहायला सुरुवात केली. पहिला उपाय, पहाटे दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसणे. मी बसलो. मला शेजारच्या मावशी डोरिकांनी उठवलं, तेव्हा लापशी जळून भांड्याला चिकटली होती आणि मला कामावर जायला दीड तास उशीर झाला होता. दुसरा उपाय, रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहिणे. पहिल्या दिवशी लिहिलं: नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी: वीज आली. तिसऱ्या दिवशी दोन्ही एकदम आली, तेव्हा मी इतका गडबडलो की लिहायचंच राहिलं. सहावा उपाय स्वयंपाक करताना नाचण्याचा होता. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. मावशी डोरिकांनी (मी कामावर असताना त्याच आईजवळ बसतात) खिडकीतून मला पाहिलं आणि अर्ध्या तासात चर्चमधले दोन वडीलधारे माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला आले. मी त्यांना सांगितलं की हा झटका नव्हता, आनंद होता. त्यांनी प्रार्थना आणखी लांबवली.

आता एक गोष्ट लिहितो, ती लिहायची नव्हती. मे महिन्यातल्या एका रविवारी आईनं तिसऱ्यांदा वाटी बाजूला सारली. शेंगदाण्याचं कूट घालून, दूध घालून, साखर घालून, तीन वेळा केली होती मी ती लापशी. मी म्हणालो, "मग मर उपाशी." असं म्हणालो, ताई. आईला. मी परसात गेलो आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागं उकिडवा बसलो, आणि बराच वेळ बसलो. तुझ्या दहा उपायांत खुराड्यामागं बसणं नाही. ते घालायला हरकत नाही. शेवटी आतून आईचा आवाज आला, "लायसन, ऊठ तिथनं. तू बसलास की कोंबड्या अंडी देत नाहीत." तीन महिन्यांतलं ते तिचं सर्वांत लांब वाक्य. मी उठलो. तिनं चार चमचे खाल्ले.

त्याच आठवड्यात मावशी डोरिकांनी बातमी आणली की चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी चारला सांभाळणाऱ्यांचा मेळावा भरतो. म्हातारी माणसं घरी ठेवायची, सांभाळणाऱ्यांनी एकट्यानं यायचं, मन मोकळं करायचं, चहा मिळतो. मी चहासाठी जायचं ठरवलं. नेमकं त्या गुरुवारी मावशींच्या नात्यात कुणी वारलं आणि त्या मयतीला गेल्या. आईला एकटं टाकता येईना. मी तिला दोन घोंगड्यांत गुंडाळून चाकाच्या खुर्चीत घातलं आणि निघालो. तिनं "नको" म्हटलं. मी म्हटलं, "बघू." (त्या खुर्चीचं डावं चाक बाजूला ओढतं, त्यामुळे वाटेत आम्ही दोनदा न ठरवता बाजारात शिरलो.) लोक सायकलवरून उतरत होते, पण आईनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली होती. आपल्याला असं कुणी पाहू नये, एवढंच तिला हवं होतं. ते मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटत होतं तिला थंडी वाजते.

मेळावा चालवणारी मुलगी टियामिके. वय सव्वीस, आवाज गोड, आणि पोट एवढं की ती आधी यायची की पोट, ते सांगता यायचं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही वीस-बावीस जण. पुढच्या रांगेत निवृत्त फौजदार फॉस्टन, दाराएवढा माणूस, चार वर्षं अंथरुणावरच्या वडिलांचं सगळं करतो. टियामिकेनं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, नाकानं हळूच श्वास घ्या, तोंडानं हळूच सोडा, खांद्यावरचं ओझं उतरतंय असं समजा. आम्ही समजलो. सभागृह शांत झालं. आणि मागून, घोंगडीतून आवाज आला:

"चुकतंय."

मी डोळे उघडले नाहीत. कधी कधी डोळे न उघडणं हाच शहाणपणा असतो.

"असला श्वास घेऊन कुणाचं मूल बाहेर यायचं नाही."

टियामिके फार अदबीनं म्हणाली, "आजी, इथं कुणाला मूल व्हायचं नाहीये."

"ते मी ठरवते," आई म्हणाली. "लायसन, पुढं ने मला."

पुढं नेलं. घोंगडी डोक्यावरून खाली आली आणि सभागृहात कुजबुज झाली, सिस्टर, सिस्टर. आईनं फौजदाराकडे पाहिलं. "तू फॉस्टन. मी केलेलं तिसरं बाळंतपण. दोन दिवस लावलेस तू यायला, तुझ्या आईचा जीव मेटाकुटीला आणलास. तेव्हाही असाच जबडा आवळून होतास. सोड तो! जबडा आवळला की सगळं आवळतं." मग तिनं सुरू केलं, ते मला आठवतं तसं लिहितो. "घ्या. घ्या. अजून घ्या. आता कुत्र्यासारखं धापा टाका. जोर लावायचा नाही! मी सांगेपर्यंत कुणीही जोर लावायचा नाही! तू, टोपीवाला, कुणी सांगितलं तुला जोर लावायला? शेजारणीचा हात धर. कळ येते तशी जाते. आली? येऊ दे. गेली? गेली. आता सोडा, सगळं सोडा, ओरडा हवं तर, हा वॉर्ड आहे, देऊळ नाही." (ताई, ते चर्चचंच सभागृह होतं.)

लोक ओरडले. टोपीवाला मोठ्यानं ओरडला, तो पोस्टातला माणूस आहे. आणि मग फॉस्टन रडायला लागला. हुंदके नाहीत, आवाज नाही, नुसतं पाणी, आणि ते थांबेना. आईनं त्याचं मनगट धरून नाडी पाहिली आणि म्हणाली, "झालं. मोकळा झालास. गरम चहा द्या याला, साखर जास्त घालून." मीही काही केलं असेल, कारण मलाही जास्त साखरेचा चहा मिळाला.

इथं पत्र संपलं असतं तर बरं झालं असतं. पण चहा घेताना आई टियामिकेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, त्या बाकावर आडवी हो." टियामिके हसली, म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वी दाखवलंय आजी, सगळं ठीक आहे. आई म्हणाली, "तीन आठवड्यांत मूल झोपून राहत नाही. हो आडवी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आईच्या कानात म्हटलं, तुझे हात थरथरतात आता, राहू दे. ते तिला माहीत होतंच. बायकांनी कमरेला गुंडाळायच्या चिटेंज्यांचा आडोसा धरला. मी आडोशाबाहेर, टोपीवाल्याशेजारी उभा. मग आतून आईचा आवाज, अगदी हळू: "आडवं आहे. डोकं इथं, कुशीत. पाणी जायच्या आत इस्पितळात. चालत जायचं नाही. फॉस्टन, गाडी."

फॉस्टननं चहा ठेवला आणि गाडी काढली.

रात्रभर आई खाटेवर बसून होती, भिंतीकडे पाठ करून. मला म्हणाली, "चुकले असेन तर?" मी म्हटलं, "तर ती पोरगी एक रात्र फुकट इस्पितळात झोपली." ती म्हणाली, "तुला कळत नाही." खरं होतं. शुक्रवारी मी ग्रंथालयात एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा शिवला. दुपारी फॉस्टन आला. मूल खरंच आडवं होतं. सकाळी शस्त्रक्रिया केली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आई म्हणाली, "वजन?" फॉस्टनला वजन माहीत नव्हतं. त्याला परत पाठवलं. तीन किलो शंभर ग्रॅम, हे ऐकल्यावर तिनं मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा मागितली, सुक्या मासळीबरोबर, आणि बोटांनी खाल्ली, आणि म्हणाली की मासळीला मीठ कमी आहे. कमी नव्हतं. मी आणखी घातलं.

आता गुरुवारचा मेळावा आईच चालवते; टियामिके घरी बाळाजवळ आहे. म्हातारी माणसं घरी ठेवायचा नियम आईनं रद्द केला. फॉस्टनचे वडील गाडीत गादी घालून येतात आणि तेही ओरडतात. काठी घेऊन आई नळापर्यंत जाते, तिथं रांगेतल्या पोटुशा बायांना हटकते आणि कुणाला कधी इस्पितळात जायचं ते बजावते. संध्याकाळी आम्ही पायरीवर शेंगा सोलत बसतो. रस्त्यानं कुणी गेलं की ती सांगते: हा पायाळू, ही नाळ गळ्याभोवती घेऊन आलेली, हा वकील तीन मिनिटं रडलाच नव्हता, आता बघ. परवा मी इतका हसलो की शेंगा सांडल्या. वहीत लिहायला गेलो, पण तीनच ओळींची जागा होती.

तेव्हा काळजी नसावी. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भाओजींना छातीच्या फोटोची आठवण.

तुझा,
लायसन

ता. क. काठीच्या टोकाचं रबर झिजलंय. तिकडे मिळालं तर दोन पाठव, एक आत्ताचं आणि एक पुढचं.

ता. क. तू ऑगस्टमध्ये येते म्हणालीस. यायची गरज नाही. प्रवास लांबचा, तुझी शाळा चालू. मी अगदी बरा आहे.

ता. क. एलुबे, लायसन पाकीट आणायला दुकानात गेला आहे. पत्र उघडं होतं, वाचलं; पाकीट मीच चिकटवीन. लापशीचं लिहायला नको होतं, ती खरोखरच वाईट होती. आता त्याच्याबद्दल. वय सत्तेचाळीस. वजन उतरलंय, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली आहेत. मंगळवारी चुलीपुढं उभ्या उभ्या झोपला, भाजी करपल्यावर जागा झाला. रात्री मी कूस बदलली तरी तो उठतो, म्हणून मी कूस बदलत नाही. त्यानं माझी कंबर दुखते. विचारलं की 'बरा आहे' म्हणतो. एकेचाळीस वर्षं त्या खाटांवर बायका मला 'बरी आहे' म्हणाल्या. मी एकीवरही विश्वास ठेवला नाही. ऑगस्टमध्ये ये आणि मला महिनाभर घेऊन जा. त्याच्यासाठी नेतेस असं सांगू नकोस, तो सोडणार नाही. म्हातारीनंच हट्ट धरलाय असं सांग. तो रागावेल, भांडी आपटेल, आणि मग झोपेल.