भातातलं आळं

मंगळवार, संध्याकाळ

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला सासूबाई म्हणाल्या होत्या, "कोरडा भात परक्याले वाढतेत, घरच्याले नाही." माझ्या भातात बोटांनी आळं करून त्यांनी वरण ओतलं. किती बरं वाटलं होतं तेव्हा.

आज त्यांनी मनूच्या, आपल्या नातीच्या, भातातही तसंच आळं केलं. मनूने ताट ढकललं, कान झाकून ओरडली आणि उपाशीच उठली.

"लाडानं बिघडवून राहिली तू तिले."

ऑटिझम लाडानं होत नाही. वरण लागलेला भात तिला खरंच सोसत नाही. पण हे मी त्यांना शांतपणे कधी सांगितलं? दर वेळी नुसती चिडले. त्या आळ्यात त्यांची माया आहे, हेही कळतं.

नाहीच म्हणतील. तरी उद्या विचारीन, आई, मनूला परक्यासारखा कोरडा भात वाढाल?