बघू नका, एवढंच

ती. सौ. संध्याताईस,

धाकट्या शामसुंदरचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तितका वाकून). तुझी कंबर कशी आहे? मालेगावच्या त्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की अजून तीन जिने चढतेस? आम्ही दोघे बंगळुरूहून सुखरूप परतलो. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितो आहे.

लेकीकडे, आभाकडे, महिनाभर राहिलो, नात ओवी आता चालते, वगैरे श्यामलाने तुला सांगितलंच असेल. मी सांगतो ते मागे ठेवून गेलेल्या संसाराचं. गंगापूर रोड संपून गिरणाऱ्याकडे जाताना आपले ते बारा गुंठे, त्यात दोन खोल्या, वांगी-मिरच्यांचे वाफे आणि सात कोंबड्या. हे सगळं शेजारच्या मंगळू आणि चिमणाबाईंवर सोपवलं. (नवरा-बायको मूळची पेठकडची, आपल्या कुंपणाला लागून त्यांचा भात आणि नागली.) जाताना मी अकरा पानी सूचना लिहून, लॅमिनेट करून दिल्या. वजनमापे निरीक्षक म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाने निदान एवढं तरी करावं. मंगळूने त्या उभ्याउभ्या वाचल्या, "लय भारी लिव्हलंय दादा," म्हणाला, आणि परत येऊन पाहतो तर अकराच्या अकरा पानं खुराड्याच्या गळक्या छपरावर ठोकलेली! पाणी मात्र आता थेंबभर गळत नाही, हे कबूल केलं पाहिजे.

पण खरा धक्का अंगणात होता. आमची ठकी तुला आठवत असेल. दोन वर्षांत ती तीनदा खुडूक झाली, तिन्ही वेळा मी तिच्याखाली अंडी मांडली आणि एक पिल्लू निघालं नाही. मी दोष कोणाला दिला नाही? दाण्याला दिला, अमावास्येला दिला, मागून जाणाऱ्या विजेच्या तारांनाही दिला. आणि आता ठकीमागे दहा पिल्लं! ताई, आधी आनंद झाला आणि मग, खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. माझ्या पाठीमागेच का?

तीन दिवस मी चौकशी चालवली. खायला काय दिलं, कोणत्या वारी बसवली, तोंड कुठल्या दिशेला होतं? चिमणाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. शेवटी मंगळू म्हणाला, "डालगं झाकलं, वर दगुड ठेवला." बरं, मग पुढे काय केलं? "काय नाय. एकवीस दिस बघितलंच नाय." (डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची ती बांबूची टोपली. माझ्या अकरा पानांत तिचा उल्लेखच नव्हता.) आता मी काय करायचो? रोज सकाळी ठकीला उठवून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालायचो आणि ते काट्यावर तोलायचो. (उबवताना अंडं रोज थोडं थोडं हलकं होतं, तुला ठाऊक होतं? फार पाहण्यासारखं असतं.) चिमणाबाई म्हणाल्या, "रोज कुनी उठवलं तर ती कशी बसंल, दादा?" म्हणजे दोन वर्षं ही बाई कुंपणापलीकडून माझा प्रताप पाहत होती आणि भिडेखातर बोलली नाही.

आता पारडं उलटलंय. त्या दोघांना पेठला भावाच्या घराच्या कामाला जायचं होतं, आणि त्यांची कोंबडी मुंगसाने नेलेली. म्हणून त्यांची तेरा अंडी आमच्या चिंगीखाली मांडून दोघं गेली. पिल्लं त्यांच्या संजनाला द्यायची आहेत. सासरी लेकीचं स्वतःचं म्हणून काही असावं, ही चिमणाबाईंची फार इच्छा. जाताना सूचना एकच: "बघू नका."

आज सहावा दिवस. दाणापाणी श्यामला बघते, मला खुराड्याकडे फिरकायची बंदी. चिंगी इतकी शांत आहे की हूं नाही की चूं नाही. जिवंत असेल ना? अंडी गार पडली तर? टोपलीची एकच कड बोटभर उचलली तर कोंबडीला कळतं का, हे कुणी तपासलं आहे का? पोरीचा प्रश्न नसता तर मी केव्हाच तपासलं असतं.

तुझा,
शाम

ता. क. पंधरा दिवस तुझ्याकडे राहायला येऊ का? श्यामला इथेच राहील. मला काहीही जेवायला चालतं.

ता. क. २. डालग्यावरचा दगड आज थोडा सरकलेला दिसतो. मांजर असावं.

ता. क. ३. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. चिमणाबाईंनी निघायच्या आधीच चिंगीला अंड्यांसकट स्वतःच्या घरात नेऊन बसवलंय. किल्ली माझ्याकडे आहे आणि चिंगी छान बसली आहे. आमच्या डालग्याखाली आम्ही तेरा बटाटे ठेवले होते. आज सकाळी वजनकाट्यावर त्यांतला एक सापडला, त्यावर तारीख घातलेली. यांनी मला काही विचारलं नाही आणि मीही यांना विचारलं नाही, पण सकाळपासून माणूस धड जेवलेला नाही. लवकर बोलावून घ्या.