बाटलीवरचं नाव

स्वीटी,

हे तुले पाठवणार नाई.

जंगलातल्या कॅम्पवर पोटुशीले नेत नाईत, म्हणून आपली लघवी तपासली. तेव्हा बाटल्यांवरची आपली नावं मी बदलली. दिवस मले गेलते. माझं लग्न नाई, अन् लेकरू आपल्याच कंपनीतल्या जवानाचं. दोघांचीबी नोकरी गेली असती. तू लग्न झालेली, तुले फक्त घरी पाठवतीन, एवढंच डोक्यात होतं. सात वर्षांपासून तू लेकराची वाट पाहून राह्यली, हे आठवलंच नाई.

माझं तिसऱ्या गस्तीत पडलं. दुसऱ्या दिवशी ड्युटी केली.

काल तुझा फोन आला. "अंजूताई, डॉक्टरीण म्हणते पोटात काईच नाई. नवस फेडाले गिरडची टेकडी चढली ना मी, तिथंच गेलं असन."

मी म्हटलं, "आता आराम करजो. पुढच्या वेळी टेकडी चढू नको."

अंजू