सासूबाईंची गाय

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. ज्याच्या घरी पैसा येणार आहे त्याने आपले विचार कुठेतरी नोंदवून ठेवावेत, असं माझं मत आहे. गरिबांना पैसे देणाऱ्या संस्थेची पोरगी पुन्हा येऊन गेली. पैसे फोनवर येतील, परत करायचे नाहीत, कशाला वापरायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाली. नंबर बायकोचा, अकुमूचा दिला. माझ्या फोनला चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे, नाहीतर घरातला कर्ता मीच.

माझ्या थोरल्या भावाने, ओम्बोकदादाने, नाव दिलं नाही. त्याच्या पाद्र्याने सांगितलंय की हा सैतानाचा पैसा, घेतला की अंथरुणात साप निघतो. मी म्हटलं, दादा, तुझ्या अंथरुणात फाटकी चटई आहे, साप तिथे काय करेल? तो चिडला. रात्री मी मात्र अंथरूण झटकून घेतलं. काळजी घेतलेली बरी.

१० फेब्रुवारी, सकाळी

आले! अकुमूचा फोन वाजला आणि ती चुलीपुढे मटकन बसलीच. रडली. मी खंबीर होतो. धूर फार होता, डोळ्यांत पाणी त्यामुळे आलं.

दुपारपर्यंत तिने सगळं ठरवून टाकलं. छपरावर गवताऐवजी पत्रे. रिस्परची शाळेची फी. पोरगी वर्षभर घरी बसलीय. थोड्या कोंबड्या. उरलेले पैसे माझ्या हातात ठेवून म्हणाली, की रिस्परचे बाबा, एवढ्यात माझ्या आईची गाय आणा.

हे गाईचं प्रकरण जुनं आहे. अकुमू माझ्या घरी आली तेव्हा गाय मागाहून पोचवतो असं मी कळवलं होतं. तेव्हापासून अडचणी येत गेल्या. आमच्यात मुलीच्या आईच्या दारात होकाराची गाय जाते, मग ती 'मी राजी आहे' म्हणते, मग लग्न खरं. तोवर ती लेकीच्या घरात पाऊल टाकत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. सासूबाई इथेच नदीपलीकडे राहतात आणि रिस्पर चौदाची झाली तरी आमचं घर त्यांनी आतून पाहिलेलं नाही. बाईला स्वतःची गाय स्वतः नेता येत नाही. नवऱ्यानेच न्यायची, थोरल्या भावाला सोबत घेऊन.

निश्चय: महिनाअखेर गाय पोचवणे.

१७ फेब्रुवारी

चहात दूध. रोज! अकुमू आता लोकांच्या शेतात खुरपायला जात नाही. सकाळी घरी असते. आज आम्ही दोघं दारात बसून चहा प्यालो आणि तिने संस्थेच्या पोरीच्या चालण्याची नक्कल केली, आणि इतकी हसली की कप सांडला. हे हसणं मी विसरूनच गेलो होतो. मला वाटायचं बाईचा स्वभावच गंभीर. स्वभाव नव्हता, दमलेली असायची.

२६ फेब्रुवारी

गुरांच्या बाजाराला जाऊन आलो. एक गाय हाडकुळी. एकीचं शिंग वाकडं. एक चांगली होती, पण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला आवडली नाही. इतकी वर्षं थांबल्यावर काहीतरी गाय नेऊन कसं चालेल? लोक काय म्हणतील?

बाजारात सूट मिळाला. राखाडी, जुना पण विलायती. जावई म्हणून उभं राहायचं तर अंगावर काही हवं. पैसे गाईच्याच पैशांतून घेतले, पण खर्चही गाईचाच आहे म्हटल्यावर एकाच खात्यात बसतो. अकुमू म्हणाली, आईला गाय बांधायचीय, कोट नाही. बायकांना प्रेझेंटेशन कळत नाही.

९ मार्च

पत्रे चढले. मी स्वतः देखरेख केली. सुतार म्हणाला, की ओबिएरोभाऊ, देखरेख त्या झाडाखाली बसून करा, इथे शिडी ठेवायचीय. घर लांबून चमकतं. रिस्पर युनिफॉर्म घालून शाळेत गेली. कोंबड्या अंडी देतात. मी एका महिन्यात घराचा कायापालट केला.

१६ मार्च

आयडिया! गाय काय करते? गवत खाते. पण स्पीकर? आमच्या भागात मयताला गाणी, भाषणं, प्रार्थना, सगळं माइकवर लागतं, आणि मयत काही थांबत नाहीत. याला गावच्या बाजारात एक माणूस दोन मोठे स्पीकर आणि जनरेटर विकतोय. गाईच्या पैशात बरोबर बसतात. भाड्यातून जूनपर्यंत तीन गाई निघतील. तीन! मग सूट घालून, तीन गाई पुढे घालून नदी ओलांडायची.

दादा म्हणाला, की गाढवा, एक गाय घे आणि उद्या चल, मी काठी घेऊन तयारच आहे. अकुमू उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. पटलं असणार.

४ एप्रिल

'ओबिएरो इंटरनॅशनल साउंड.' पाटी रिस्परने रंगवली. पहिलं काम चुलत्याच्या मयताला, घरचंच म्हणून भाडं घेता आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी पाद्र्याच्या प्रार्थनेच्या मध्येच जनरेटर बसला, आणि भाड्यावरून वाद झाला. धंदा उभा राहायला वेळ लागतो. अकुमूने विचारलं, गाय? म्हटलं, वाटेवर आहे.

२२ एप्रिल

सासूबाई येऊन गेल्या. म्हणजे रस्त्यापर्यंत. छातीत कफ आहे, काठी टेकत नदीचा पूल चालून आल्या, लेकीच्या घराचे पत्रे बघायला. जावयाने सासूसमोर यायचं नसतं म्हणून मी घरामागे उभा होतो, कोपऱ्यातून दिसत होतं. कुंपणापाशी थांबल्या. डोळ्यांवर हात धरून छप्पर बघितलं. अकुमूने चहा नेला, दूध घातलेला. त्यांनी कपाला हात लावला नाही. अकुमू म्हणाली, आई, आत ये गं, कोण बघतंय? त्या म्हणाल्या, तुझ्या लग्नाला राजी म्हणणारी बाई मीच आहे ना, मीच चोरासारखी शिरू? तो रिकामटेकडा गाय आणेल तेव्हा बघ कशी येते, आठवडाभर हलणार नाही, हाकललंस तरी.

त्या हसत हसत बोलत होत्या. मग खोकला आला. अकुमू त्यांना पुलापर्यंत पोचवून आली, आणि रस्त्यावर ठेवलेला चहा तिने कोंबड्यांच्या भांड्यात ओतला.

मला फार वाईट वाटलं. निश्चय: मे महिना. एकच गाय का होईना.

७ मे

अकुमूने सगळ्या कोंबड्या विकल्या. मला न विचारता! पैसे आणून दिले. म्हणाली, की रिस्परचे बाबा, आई अंथरुणाला खिळलीय, आता सूट नको, तीन गाई नकोत, मिळेल ती वासरी घ्या आणि उद्या दादांना घेऊन जा. मी तुमच्या पाया पडते.

खरंच पडली. अशी कधी पडत नाही.

८ मे

जायलाच निघालो होतो. वाटेत मेकॅनिक भेटला. जनरेटरचा पार्ट आजच आलाय, उद्या नसेल म्हणाला, म्हणून घेऊन टाकला. शनिवारी मोठं मयत आहे, शिक्षकाचं, भाडं रोख. म्हणजे शनिवारी गाईचे पैसे परत हातात, वर नफा. नुसता चार दिवसांचा प्रश्न. अकुमूला सांगितलं, चांगली गाय शनिवारच्या बाजारात येते. ती रिकामं खुराडं झाडायला गेली.

१३ मे

शिक्षकाच्या लोकांनी किसुमू शहरातून दुसरा साउंड आणला. मोठा. लोकांना शब्दाची किंमत नाही.

३० मे

सासूबाई गेल्या.

पहाटे अकुमूचा भाऊ ओलुओच निरोप घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिला. अकुमूने ऐकलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि रिस्परला घेऊन चालायला लागली. मी म्हटलं, थांब, मी येतो. तिने वळून बघितलं, आणि तुम्ही कोण म्हणून येणार, असं हळूच विचारलं. रागाने नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दादाकडे धावलो. दादा, उधार घेऊ, आज गाय नेऊ. दादाने काठी भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाला, राजी आहे म्हणणारं तोंड बंद झालं रे. आता कुणाकडे नेणार? दफन होईतोवर तुझी गाय त्या कुंपणात कुणी घेणार नाही.

३ जून

ओलुओच आला होता. साउंड पाहिजे म्हणाला. किसुमूवाला महाग, आणि तुमचा जवळ आहे. भाव केला नाही. मी लगेच हो म्हटलं. एका अर्थी सन्मानच आहे. सासूबाईंना शेवटचा निरोप माझ्या आवाजात. सूट घालणार.

८ जून

पूल ओलांडून पहिल्यांदाच त्या घराच्या अंगणात गेलो. ओलुओचने जागा दाखवली, गोठ्याच्या बाजूला, जनरेटरचा धूर मंडपात यायला नको म्हणून. सूटवर ग्रीस लागलं.

मग जावई आले. एकेकाचं नाव माझ्याच माइकवर पुकारलं. धाकट्या मेहुणीचा नवरा मयताच्या मानाची गाय घेऊन आला, तिच्या गळ्यात पानं बांधलेली, बायका गात पुढे गेल्या. दुसरा आला. त्यांना घरात नेऊन बसवलं. माइक वाकडा झाला की मी उठून सरळ करत होतो.

अकुमू बहिणींच्यात नव्हती. लग्न झालेल्या लेकी एका बाजूला बसतात. ती पलीकडे बिनलग्नाच्या पोरींच्या चटईवर बसली होती, रिस्परच्या वयाच्या पोरींत, पाय जवळ घेऊन. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे मी आज लांबून पाहिलं.

कामगारांना दिली तशी मलाही पानात मक्याच्या पिठाची उगाली आणि मांस दिलं. गोठ्याजवळ बसून खाल्लं. सासूबाईंच्या घरचं पहिलं जेवण.

शवपेटी उचलायच्या वेळी अकुमू माझ्याकडे चालत आली. मला वाटलं काहीतरी बोलेल. मी उठून कोट ओढून सरळ केला. ती म्हणाली, साउंडवाले, आवाज जरा कमी करा, आईला आता खाली ठेवतायत.

मी कमी केला. मग बंदच केला.

९ जून

ओलुओचने भाडं पूर्ण दिलं. धंदा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मला नको होतं, पण नको कसं म्हणायचं ते सुचेना. जावयाला म्हणता येतं. साउंडवाल्याला नाही.

१७ जून

अकुमू आज परत आली. मला वाटत होतं येणार नाही. चूल पेटवली, अंगण झाडलं, रिस्परचा युनिफॉर्म धुऊन वाळत घातला. मला विचारलं, रिस्परचे बाबा, जेवलात का?

मी दिवसभर तिच्या मागेमागे होतो. गाईबद्दल विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं उत्तर होतं, भाड्याचे पैसेही खिशातच होते. तिने विचारलं नाही.