दीड मिनिटाचं मलकापूर

आबा, काल एका शाळेत बोलावलं होतं. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, सर, तुमचं विमान किती जोरात जायचं? मी सांगतो, आवाजाच्या दुप्पट. मुलं टाळ्या वाजवतात. तुम्ही वाजवल्या नव्हत्या. लढाऊ विमानावर गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत तुम्ही जेवताना, एका ड्रायव्हरनं दुसऱ्या ड्रायव्हरला विचारावं तसं विचारलं होतंत, "आमच्या एसटीला साठच्या वर गेलं की समद्या काचा वाजाय लागत्यात. तुझ्या विमानाला काय हुतं रं?" काहीच होत नाही, मी म्हणालो. तुमचा चेहरा पडला. "सरकारी गुपित असंल. न्हाई सांगायचं," म्हणत तुम्ही भाकरी मोडलीत, आणि दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन तेच मोठ्या रुबाबात सगळ्यांना सांगून आलात.

गुपित काही नव्हतं हो. वेग घेताना पाठीत एक धक्का बसतो, तेवढाच. मग पन्नास हजार फुटांवर भर दुपारी डोक्यावरचं आभाळ काळंनिळं होतं, खालचे ढग जागचे हलत नाहीत, आणि आपण कुणीतरी फळीवर ठेवून दिल्यासारखे नुसते बसून असतो. वेग दिसतो तो काट्यावर आणि भराभर संपणाऱ्या इंधनात. त्या वेगानं साताऱ्याहून पन्नास किलोमीटरवरचं मलकापूर दीड मिनिटाचं. याची मला फार घमेंड होती.

मग त्या वर्षीचा ऊसतोडीचा हंगाम. मी सुट्टीवर, आणि तुमच्या छातीत दुखायला लागलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मलकापूरच्या मोठ्या इस्पितळात हलवा म्हणून सांगितलं. अँब्युलन्समध्ये तुम्ही, ताई आणि मी. अर्ध्या वाटेवर, उंब्रजच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झालेली, रस्ताभर ऊस. पुढं ट्रक, मागं ट्रक. मी ओळखपत्र नाचवत ओरडतोय आणि एक ट्रकवाला शांतपणे म्हणतोय, "सायेब, तुमी कोन बी असा, मी काय गाडी उडवत न्हेऊ व्हय?"

आत येतो तर तुम्ही डोळे उघडून विचारता, "कुठं आलो रं?" उंब्रज, मी म्हणतो. थोड्या वेळानं म्हणता, "वरचं सांग की. आता तरी सांग." मी तुमचा हात धरून सांगतो, खरंच काही होत नाही आबा, जागच्या जागी बसल्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणता, "मंजी हितल्यासारखंच की." मला पुढं तिथं बसवेना. उतरलो आणि ऊस उचलायला लागलो. तोडकरी, ट्रकवाले, क्लीनर, सगळेच मोळ्या बाजूला टाकत होते. पाल्यानं हात चिरले. दुसरं मी काय करणार होतो, सांगा! आयुष्यभर जे शिकलो त्यातलं काहीएक तिथं चालत नव्हतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर मला बोलवायला आला तेव्हा रस्ता एका गाडीपुरता मोकळा झाला होता, आणि घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताई सांगते, शेवटी तुम्ही विचारलंत, "त्यो कुठं गेला?" ती म्हणाली, रस्ता मोकळा करतोय. तुम्ही थोडं हसलात आणि म्हणालात, "करू दे, लय धडपडतोय." इतकी वर्षं मी तेवढ्यावर काढली.

हे लिहिताना वाटलं होतं, सांगलीला जाऊन ताईला वाचायला द्यावं. पण तिनं ते वाचलं की मला विचारावंच लागेल, तुम्ही खरंच तसं म्हणाला होतात, की तिनं माझ्यासाठी रचून सांगितलं. लहानपणी मला मार बसायची वेळ आली की ती बेधडक खोटं बोलून मला वाचवायची, आणि तुम्हीही ते चालवून घ्यायचात. म्हणून हे कुणालाच देत नाही. तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही, आबा.