बसलेली कोंबडी उठवायची नसते

प्रिय गुंड्या,

आधी गोड बातमी घे. मास्तरणीला बारा पिल्लं झाली. मास्तरीण म्हणजे आपली ती तपकिरी कोंबडी, मान ताठ करून अख्ख्या अंगणाचा वर्ग घेत फिरते ती. बारा म्हणजे बारा, सगळी धडधाकट, आणि एकाचे पाय तर इतके लांब की मी त्याला उंटच म्हणते. माझं अक्षर गिचमिड आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यातलं निम्मं वर्ष धाकटी भावंडं कडेवर घेण्यात गेलं. तेव्हा चष्मा लावून वाच आणि सूनबाईलाही वाचून दाखव. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य बोलेपर्यंत तुझी चार होतात. कागदाला मध्येच तोडता येत नाही, हे एक बरं आहे.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. आता पुरे झालं आई, शेवटच्या रविवारी गाडी पाठवतो, सामान बांधून ठेव, घर बंद करू. विचारलं नाहीस, सांगितलंस. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच संध्याकाळी मास्तरीण खुडूक झाली. अंगावरची पिसं फुलवून कोपऱ्यात उबवायला बसली, हात लावला तर चोच मारते, दाणे टाकले तरी उठत नाही. तू तारीख ठरवलीस, मी तिच्या पोटाखाली बारा अंडी ठेवली. मुद्दाम ठेवली, खोटं कशाला सांगू. बसलेली कोंबडी उठवायची नसते, जागाही बदलायची नसते, नाहीतर ती अंडी सोडते. मग त्या एकवीस दिवसांत मी तरी सामान कसं बांधायला घेणार?

शेजारची शिंपीणबाई म्हणाली, आजी, तुम्ही पण खुडूकच झालात. म्हटलं, झालेच आहे, हात लावून बघ.

एक चूक मात्र झाली. अंडी बसवताना प्रत्येकावर खूण करायची असते, म्हणजे दुसरी एखादी कोंबडी येऊन त्यात नवं अंडं घालून गेली तर ते ओळखून काढता येतं. पेन्सिल सापडली नाही, म्हणून मी काजळाचे ठिपके दिले. पोटाच्या उबेनं आणि घासण्यानं ते चार दिवसांत साफ पुसले गेले. पाचव्या दिवशी मोजते तर तेरा. आपली लांडी, ती बिनशेपटीची आगाऊ, मास्तरीण दिवसातून एकदा दाणे टिपायला उठली की आत जाऊन आपलं काम उरकून आली होती. आता नवं कुठलं आणि जुनं कुठलं? सगळी तशीच राहू दिली. आता याचा त्रास कुठे होतो बघ. पिल्लं बाहेर आली की कोंबडी फार थांबत नाही, पिल्लांना घेऊन उठते. मागे राहिलेलं अंडं गार पडतं.

तुला आठवतं का, तू सहा वर्षांचा होतास. अशीच अंडी फुटत होती, आणि एका अंड्याला नुसतं बारीक भोक पडलं होतं. आत चोच हलताना दिसत होती. मी विहिरीवर गेले, परत येते तर तू नखानं सगळं टरफल सोलून पिल्लू हातावर घेतलेलं. ओलं, लालभडक, पोटाशी बलक तसाच लोंबत होता आणि हातावर रक्त. ते संध्याकाळी गेलं. तू दोन दिवस जेवला नाहीस. मी तुला एकदाही ओरडले नाही, आठव. तुला वाटलं ते अडकलंय. ते अडकलं नव्हतं रे, दमून थांबलं होतं. भोक पाडलं की पिल्लू दिवसभर नुसतं पडून राहतं, आतला बलक पोटात घेतं, रक्त आत ओढून घेतं, मग गोल फिरत टरफल कापतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मेलं की काय. तू ते मायेनंच केलंस. आताही मायेनंच करतो आहेस, हे मला कळतं.

आणि मी कधीच हात घालत नाही असं समजू नकोस. एकविसाव्या दिवशी अकरा बाहेर आली. बाविसाव्या दिवशी मास्तरीण त्यांना घेऊन उठली. मागे दोन अंडी. एकाला आदल्या सकाळपासून भोक होतं, पण पुढे काहीच नाही. आतली पातळ साल वाळून पिवळी पडलेली, पिल्लाला चिकटलेली, आणि आतला आवाज बारीक होत चाललेला. तिथे थांबणं म्हणजे मारणं. मी कोमट पाण्यात बोट बुडवून ती साल ओली केली, भोकाजवळचा नखाएवढा तुकडा काढला आणि थांबले. केसाएवढा रक्ताचा धागा दिसला असता तरी हात मागे घेतला असता. दिसला नाही. तासानं आणखी थोडा काढला. असं करत दुपार गेली, शिंपीणबाई शिलाई सोडून माझ्याशेजारी येऊन बसली, गिऱ्हाईक दारात ताटकळत. टोपीसारखा वरचा भाग निघाला आणि शेवटचा धक्का त्यानं स्वतःच मारला. तोच हा उंट.

दुसरं अंडं अगदी गप्प. कोमट पाण्यात सोडून बघितलं, तर पाणी स्थिर असताना ते आपलं आपण डुचमळलं. म्हणजे जिवंत आहे, लांडीचं आहे, उशिरा घातलेलं. त्याला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. डब्यात कापूस घालून दिव्याच्या उबेला ठेवलंय. त्याला वेळ हवाय, मदत नकोय.

आता माझ्या पडण्याचं बोलू, तू तेच धरून बसला आहेस. पडले, खरं आहे. न्हाणीत पडले आणि पाऊण तास उठता आलं नाही. तो पाऊण तास मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतो. म्हणून नळवाल्याला बोलावून न्हाणीत दोन दांड्या बसवून घेतल्या, एक उठताना धरायला आणि एक वळताना. फरशीवर खरखरीत पट्ट्या लावल्या. शिंपीणबाईशी ठरवलंय की सकाळी सातपर्यंत माझ्या कोंबड्या अंगणात दिसल्या नाहीत, तर तिनं कुलूप उघडून आत यायचं, चावी तिच्याकडे दिली आहे. एकदा मी मुद्दाम उशीर करून बघितला. सात वाजून पाच मिनिटांनी बाई हजर, केस मोकळे, हातात कात्री तशीच. तू आणलेला वॉकरही वाया गेला नाही. त्याला जाळी गुंडाळली, आत पिल्लं छान राहतात, मांजराला शिरता येत नाही.

सूनबाईला सांग, तिचा राग नाही. तिनं खिडकीची खोली माझ्यासाठी रंगवून घेतली, फोटो बघितला, छान आहे. पण त्या खिडकीत बसून मी काय करू? दुधाची गाडी आली, दुधाची गाडी गेली, एवढं बघायला माझे डोळे जरा महाग आहेत. हातात दाण्याचं भांडं आहे तोवर मी इथेच. ज्या दिवशी खाली वाकून अंडं उचलता येणार नाही, पाय उचलायला सकाळ पुरणार नाही, त्या दिवशी मी स्वतः फोन करीन. तुला ओळखावं लागणार नाही, मी बोलेन. मी न बोलता पडून राहिले असं शिंपीणबाईनं कळवलं, तर मात्र दार तोडून ये, मी काही म्हणणार नाही. तोवर नखं आवर.

हे सगळं आज लिहायचं कारण, तू पाठवलेला टेम्पोवाला अंगणात उभा आहे. भला माणूस आहे, दोन वेळा चहा झाला, पिल्लं हातावर घेऊन बघितली, आणि आता विचारतोय, आजी, नेमकं काय भरायचं? रिकामी गाडी माघारी जाऊ नये म्हणून या पत्रासोबत तुझी खोली भरून देते आहे. लोखंडी कॉट, अभ्यासाचं टेबल, पुस्तकांच्या तीन पेट्या, चाक नसलेली सायकल, आणि नंतर नेतो म्हणून तू तीस वर्षं ठेवलेलं ते सगळं. शिंपीणबाईनं आणि मी खोली झाडून घेतली. खाली भुसा पसरलाय, ऊन थेट आत येतं, मास्तरीण मघाशी उंबऱ्यावर उभी राहून पाहणी करून गेली. तू सगळं नीट उतरवून घे, कुठे ठेवायचं ते सूनबाईला विचार. मग पुढच्या आठवड्यात हात हलवत भेटायला ये. झोपायला माझ्या खोलीत जागा आहे.

पिल्लांत रमलेली, अजिबात न हललेली,
तुझीच आई